जैसे थे मोटारीचा हौशी प्रयोग

मोटार बाळगणाऱ्या मराठी माणसांत एक जात अशी आहे, की ती भेटल्यावर 'कसे आहात?' असे विचारत नाही. 'पुण्याहून किती वेळात आलात?' असे विचारते. आपण प्रामाणिकपणे 'चार तास लागले हो' म्हटले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा पसरते, जणू आपण घरातले कोणी अत्यवस्थ असल्याचे सांगितले आहे. मग तो आपला आकडा सांगतो. हा आकडा दर सांगण्यागणिक पाच मिनिटांनी कमी होतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ याच हिशेबाने येत्या दोन-तीन वर्षांत दादरहून निघण्याआधीच डेक्कनला पोचतील, अशी मला धास्ती वाटते.

या मंडळींना एकदा विचारून पाहावे, की अहो, घाटातले वळण तुम्ही घेता ते नेमके कसे घेता? ब्रेक वळणाआधी सोडता की वळणात? गाडीचे वजन त्या वेळी पुढच्या चाकांवर असते की मागच्या? पंगतीत जेवणाऱ्याला 'आमटीला फोडणी कशाची?' असे विचारावे, तसे ते आपल्याकडे बघतात. कारण वेग त्यांचा नसतोच. तो इंजिनाचा असतो, आणि इंजिन हप्त्यावरचे असते.

म्हणूनच आज एका निराळ्या प्रयोगाचे परीक्षण लिहायचे योजले आहे. नाटकांची परीक्षणे पुष्कळ होतात. 'नेपथ्य यथातथ्य, प्रकाशयोजना परिणामकारक, पार्श्वसंगीत ठीक' एवढे लिहिले की परीक्षक घरी जायला मोकळा. पण हौशी माणसाने स्वस्तातली, जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच ठेवलेली गाडी शर्यतीच्या रस्त्यावर दिवसभर पळवणे, या कलाप्रकाराकडे आपल्या समीक्षेने अजून लक्ष दिलेले नाही. ही उणीव मला दूर करायची आहे.

इंग्लंडात याला 'ट्रॅक डे' म्हणतात. शर्यतीसाठी बांधलेला रस्ता एखाद्या दिवशी सामान्य माणसाला खुला करतात. गाडी चालवायचा परवाना असावा, पैसे भरावेत, हेल्मेट घालावे आणि आपली रोजची गाडी घेऊन आत शिरावे. मात्र ही शर्यत नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही, गळ्यात हार नाही. बहुतेक ठिकाणी फेरीची वेळ मोजायलासुद्धा मनाई असते. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी आमचे दादरचे गृहस्थ जगतात, तोच तिथे निषिद्ध! आता बोला.

'अमॅच्युअर' या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'प्रेम करणे' या क्रियापदात आहे. आपला 'हौशी' हा शब्द मला त्याहून गोड वाटतो. प्रेमात काही तरी परत मिळण्याची आशा असते. हौसेत तीही नसते. ज्याला रविवारी तालमीला जाण्याबद्दल कोणी पैसे देत नाही, उलट घरी बोलणी मात्र खावी लागतात, तो हौशी. ट्रॅक डेचा नट तंतोतंत याच जातीचा.

आता नेपथ्याकडे वळू. मी पाहिलेला प्रयोग विल्टशरमधल्या कासल कूम या रस्त्यावरचा. तीन किलोमीटरला थोडीशी कमी अशी ही वाट दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानतळाच्या कडेने जाते. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये विमाने उरली नाहीत एवढे विमानतळ उरले. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, थ्रक्सटन ही सगळी मोठमोठी नावे मूळची धावपट्ट्यांचीच. कासल कूमला १९५० साली मोटारी धावू लागल्या. मद्रासजवळच्या शोलावरमलाही युद्धकाळातल्या धावपट्टीवरच शर्यती भरत. पुढे १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईला खास शर्यतींसाठी रस्ता झाला. लढाईची जागा हौसेच्या हाती पडल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत, म्हणून हे नेपथ्य मला फार आवडले.

त्याआधीचा इतिहासही थोडक्यात सांगतो, कारण त्यात या परीक्षणाचा मुद्दा दडलेला आहे. मोटारी नव्या नव्या आल्या तेव्हा इंग्रज सरकारने १९०३ च्या कायद्याने रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. ज्यांना याहून जोरात जायचे होते त्यांनी काय करावे? एका धनिकाने सरेमधल्या आपल्या जमिनीवर स्वखर्चाने काँक्रीटचा गोल रस्ता बांधला. तो १९०७ साली उघडलेला ब्रुकलँड्स. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला शर्यतीचा रस्ता तोच. म्हणजे वेगाची खाज रस्त्यावर भागवू नये, तिच्यासाठी कुंपण घातलेली निराळी जागा असावी, ही सुबुद्धी मोटारीएवढीच जुनी आहे.

प्रयोगातले प्रमुख पात्र माझा भाचा. तो तिकडे संगणकाची नोकरी करतो. दुसरे प्रमुख पात्र त्याची दहा-बारा वर्षांची स्विफ्ट. होय, आपल्याकडे प्रत्येक इमारतीखाली दोन-चार तरी उभ्या असतात, तीच. सव्वा लिटरचे इंजिन, नव्वदच्या आसपास अश्वशक्ती, मागच्या काचेला सुसरीचे चित्र. ते त्याच्या मुलीने चिकटवलेले.

गाडी आत नेण्याआधी रिकामी करावी लागते, कारण वळणावर सुटी वस्तू डोक्यात बसते. तेव्हा त्या स्विफ्टमधून जे जे निघाले त्याचा पंचनामा असा: मुलीची खुर्ची एक, छत्र्या तीन (पैकी उघडणारी एक), स्टेपनी, जॅक, बिस्किटांचा चुरा अंदाजे पावशेर, आणि भाचेसुनेने दोन महिन्यांपूर्वी 'हरवली' म्हणून जाहीर केलेली एक चप्पल. डॅशबोर्डवरचा गणपती पक्का चिकटवलेला होता, म्हणून त्याला राहू दिले. त्याने दिवसभर जे सोसले ते त्यालाच ठाऊक.

मग आवाजाची तपासणी. इंजिन ठराविक फेऱ्यांवर नेऊन सायलेन्सरजवळ यंत्र धरतात. शेजारच्या खेड्याला त्रास होऊ नये म्हणून ही दक्षता. आमच्या गाडीची पाळी आली तेव्हा तपासनिसाने यंत्राकडे पाहिले, मग गाडीकडे, मग पुन्हा यंत्राकडे. इंजिन चालू आहे ना, अशी त्याला शंका आली असावी.

नांदी म्हणजे सकाळचे नियमवाचन. त्याला दांडी मारली तर दिवसभर आत प्रवेश नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश परत यायचे, काळा म्हणजे तुम्ही काही तरी केले आहे, आत येऊन ऐकून घ्या. ओलांडायचे ते फक्त सरळ रस्त्यावर, ठरलेल्या एकाच बाजूने, आणि तेही पुढच्याने 'या' म्हणून खूण केल्यावर. हा शेवटचा नियम ऐकून मी सद्गदित झालो. पुढच्याची परवानगी घेऊन ओलांडणे! आपल्याकडे मागच्याच्या हॉर्नला जर शब्द फुटले, तर ते छापता येणार नाहीत.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या जाणकाराच्या गाडीमागून, दिंडीसारख्या, रस्ता ओळखून घेण्यासाठी. मग पडदा वर.

मी शेजारच्या खुर्चीत हेल्मेट घालून बसलो होतो. आरशात पाहिले तर बरणीत बसवलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा दिसत होतो. सरळ रस्त्यावर आमच्या गाडीचा वेग सरकारी नोकराच्या पगारासारखा वाढत होता. नक्की, पण सावकाश. मागून एक पोर्शे आली, भाच्याने खूण केली, ती निघून गेली. मग दुसरी गेली. मग कसली तरी पिवळी गेली.

"मामा, कंटाळलात का?" भाच्याने विचारले.

"छे! पाहुण्यांची सरबराई चांगली चालली आहे."

"आता वळण बघा."

आणि इथे, रसिकहो, प्रयोग सुरू झाला.

कासल कूमला ॲव्हन राइज नावाचा एक उंचवटा आहे. त्यावरून जाताना गाडी क्षणभर हलकी होते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पुढच्या क्वारी नावाच्या उजव्या वळणासाठी ब्रेक लावायचा असतो. म्हणजे चाके जमिनीला धड धरून नाहीत तेव्हाच त्यांच्याकडून सगळ्यात जास्त काम मागायचे. महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला पाहुणे येतात, तसाच प्रकार.

ही पगाराची उपमा मी उगाच देत नाही. टायरची पकड म्हणजे बांधलेला पगार. तो ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग घेण्यावर करा. एकूण रक्कम तेवढीच. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला शिल्लक काही नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली तरी वक्ता बोलतच राहतो, तशी. म्हणून जाणता चालक ब्रेकवरचा पाय एकदम उचलत नाही. जसजसे वळण वाढते तसतसा तो हळूहळू सोडतो, या खात्यातून काढून त्या खात्यात भरतो. वळणाच्या आतल्या कडेला जरा उशिराच शिवतो, म्हणजे बाहेर पडताना रस्ता मोकळा सापडतो. हे सगळे तीन-चार सेकंदांत. माझी आई महिनाअखेरीस हेच करी, फक्त हेल्मेट न घालता.

मोठ्या इंजिनाच्या मालकाला हे करावे लागत नाही. वळणात त्याने वेग घालवला, तरी बाहेर पडताना पाय दाबला की इंजिन भरपाई करते. भरपूर मसाला शिळी भाजी झाकतो, तसे भरपूर अश्वबल चूक झाकते. स्विफ्टला ही चैन नाही. एकदा गमावलेला वेग परत मिळवायला तिच्या नव्वद घोड्यांना पुढचा अर्धा किलोमीटर घासाघीस करावी लागते. त्यामुळे वेग कमावण्यापेक्षा असलेला न गमावणे हाच तिथला धर्म. हे अर्थशास्त्र मध्यमवर्गीयाला कोणी शिकवावे लागत नाही.

आणि मग एक गंमत झाली. क्वारीच्या तोंडाशी एक लाल, रुंद, पोटाशी जमीन घासणारी गाडी आमच्या पुढे होती. सरळ रस्त्यावर ती ठिपक्याएवढी झालेली. वळणात मात्र तिची शेपूट आमच्या काचेत मावेना. बाहेर पडताच ती पुन्हा ठिपका. पुढच्या वळणात पुन्हा शेपूट. त्या गृहस्थाने किती लाख मोजले होते कोण जाणे, पण ते सगळे सरळ रस्त्यासाठी मोजले होते, आणि सरळ जायला अक्कल लागत नाही.

या विषयातला अभिजात प्रयोग मात्र जर्मनीतला. नुर्बुर्गरिंगचा जुना उत्तरेकडचा रस्ता सुमारे २०.८ किलोमीटरचा, डोंगरजंगलातला, सत्तरांहून जास्त वळणांचा. तिथे सबीन श्मिट्झ नावाची बाई लहानाची मोठी झाली. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे तिने तिथली चोवीस तासांची शर्यत जिंकली. २००५ मध्ये एका ब्रिटिश दूरदर्शन मालिकेसाठी तिने डिझेलवर चालणारी फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेतली. ट्रान्झिट म्हणजे सुतार-प्लंबर मंडळी सामान वाहायला वापरतात ती. दहा मिनिटांच्या आत फेरी मारायची असा पण होता. लागली दहा मिनिटे आणि सुमारे आठ सेकंद. पण हरली. पण काय हरली! चांगल्या चांगल्या मोटारी घेऊन आलेले पुरुष आरशात मालवाहू व्हॅन मोठी होताना बघत होते. २०२१ साली ती गेली, अवघी एक्कावन्न वर्षांची होऊन. तिच्या विक्रमांपेक्षा लोकांना ती व्हॅनच जास्त आठवते, आणि माझ्या मते हीच खरी समीक्षा.

आता दोष. परीक्षण आहे, तेव्हा दोष दाखवणे आले.

पहिला दोष ब्रेकचा. आम्ही दोघे धरून साडेअकराशे किलोंची ती गाडी ताशी १४० वरून ७० वर आणायची, तर सुमारे दोन लिटर थंड पाणी उकळेल इतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणजे प्रत्येक मोठ्या वळणाआधी बारा-तेरा कप चहाचे आधण! फेरीत असे दोन-तीनदा, आणि रांधणारी ही एवढीशी चकती. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. जुने ऑइल अशा वेळी उकळते, त्यात बुडबुडे धरतात आणि पायाखालचा ब्रेक गादीसारखा मऊ लागतो. तो क्षण फार चिंतनशील असतो. म्हणून ऑइल ताजे हवे, पाच-सहा फेऱ्यांनंतर एक फेरी शांतपणे गाडी निववत काढायची आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या चकतीला पॅड चिकटते. गाडी गिअरमध्ये ठेवून, बॉनेट उघडून, आपण चहा प्यायचा. तेवढे आधण वाया जाऊ नये एवढीच भावना.

दुसरा दोष खर्चाचा. प्रवेशाचे पैसे, हपापल्यासारखे पेट्रोल, झिजलेले टायर, आणि नेहमीचा विमा अशा जागी बहुधा लागू नसतो. गाडी भिंतीला लागली तर सोमवारी कामावर बसने जायचे. गाडी स्वस्त असण्याचे महत्त्व इथे कळते. जी मोडली तर आपणही मोडू, अशी वस्तू घेऊन खेळायला जाऊ नये. पेट्रोल नुसते गोल गोल फिरून जाळण्याचे समर्थन मी करणार नाही. वर्षातून एक-दोनदा, गोडधोडासारखे, एवढेच म्हणेन.

तिसरा दोष सगळ्यांत वाईट, आणि तो संसर्गजन्य आहे. त्याचे नाव 'सुधारणा'. सुरुवात निरागस असते. जरा बरे ब्रेक पॅड टाकू या. पॅड आले की टायर अपुरे वाटतात. टायर आले की स्प्रिंग मऊ वाटते. स्प्रिंग कडक केली की खुर्चीत घसरायला होते, म्हणून शर्यतीची खुर्ची. मग मागची सीट काढून वजन कमी. मग आत लोखंडी पिंजरा. या टप्प्यावर मुलीची खुर्ची बसत नाही, म्हणून घरासाठी दुसरी गाडी. पहिली आता रस्त्यावर चालवणे शक्य नसते, म्हणून तिला न्यायला ट्रेलर. ट्रेलर ओढायला तिसरी गाडी. एवढे झाल्यावर त्या माणसाला विचारा, वळण सुधारले का? तो म्हणतो, अजून वेळ मिळाला नाही हो, गाडीचेच काम चालू आहे.

आमच्या शेजारी असा एक सज्जन होता. दिवसातला बराच वेळ तो गाडीखाली आडवा होता. आम्हाला फक्त त्याचे बूट भेटले. हौशी नाटकात असा एक जण असतोच. नाटक बसवायचे सोडून तो पडदाच शिवत बसतो. अमेरिकेत २००६ पासून एक थट्टेखोर स्पर्धा चालते, '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधल्या ल मांच्या नामांकित शर्यतीची ती टवाळी. तिकडे 'लेमन' म्हणजे टाकाऊ गाडी. सुरक्षेचे सामान सोडून गाडीची किंमत ५०० डॉलर, ही तिथली मूळ अट. चोरून महागडे भाग घातल्याचा पंचांना संशय आला, तर फेऱ्या कापल्या जातात. आणि सर्वांत मानाचे बक्षीस पहिल्या येणाऱ्याला नाही, तर सगळ्यांत वाईट गाडीतून सगळ्यांत जास्त काम काढणाऱ्याला! आमच्या नाट्यस्पर्धांनी विचार करावा असे हे पारितोषिक आहे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, आम्हाला याचे काय? आमच्या गावात असा रस्ता कुठे आहे? तेच तर. वेगाची हौस माणसात असतेच. ती कुंपणात नेली नाही, तर रस्त्यावर येते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. यात विनोद करण्यासारखे काही नाही. कासल कूमच्या त्या दिवशी समोरून वाहन येत नव्हते, कडेने शाळकरी पोर सायकलवर नव्हते, कोणी आजी भाजी घेऊन रस्ता ओलांडत नव्हती. भिंतीला लागली तर आपली गाडी, आपली हाडे. दादर ते डेक्कनच्या विक्रमवीराला ज्या दिवशी कळेल, की त्याचा आकडा दुसऱ्यांच्या जिवावर काढलेला उसना आकडा आहे, त्या दिवशी तो निदान ब्रेक कधी सोडायचा एवढे तरी शिकायला तयार होईल.

तर एकंदर निकाल असा. नेपथ्य उत्कृष्ट. ध्वनी संयमित, जवळजवळ अदृश्य. वेशभूषा लोणच्याच्या बरणीची. गणपतीचे काम मूक पण प्रभावी. प्रमुख भूमिकेतली स्विफ्ट कुठेही भूमिकेबाहेर गेली नाही. जेवढे आहे तेवढेच दाखवायचे, पण सगळे दाखवायचे, हे तिने अखेरपर्यंत पाळले.

संध्याकाळी छत्र्या, स्टेपनी, खुर्ची सगळे परत जागच्या जागी गेले. बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर भाचा इतका सावकाश चालवू लागला, की मागच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला ओलांडले.

"अरे, जरा पाय दे की!" मी म्हणालो.

"कशाला, मामा? पोट भरलंय."

मग पाऊण तासात घरी पोचलो. की तास लागला, कोण जाणे. घड्याळ कोणीच पाहिले नव्हते.